आधी हात गरम

प्रॅक्टिकल परीक्षा देऊन सिस्टर खोलीवर परतली, तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बूट एकीकडे, पिशवी दुसरीकडे आणि बाई थेट फोनवर. आधी नवऱ्याला फोन, मग सासूबाईंना, मग आईला, मग एका मामेबहिणीला, जिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. सगळ्यांना एकच टेप. परीक्षा म्हणजे डाव्या हातचा मळ, अहो समोर बाहुली ठेवली होती, खरी बाळं सांभाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, बाहुलीचं काय घेऊन बसलात. खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला हिची भाषा येत नव्हती आणि हिला तिची जेमतेम. तरी जिन्यात गाठून तिलाही हातवारे करून समजावलं की झालं, पास. निकाल लागायचा होता, पण तो तपशील सिस्टरच्या लेखी किरकोळ होता.

आता तिला टेचात राहायचा हक्क नव्हता, असं कोण म्हणेल? मायदेशी तिची सगळी नोकरी एकाच वॉर्डात झाली होती, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या अतिदक्षता विभागात. डॉक्टर त्याला एनआयसीयू म्हणतात, नातेवाईक म्हणतात, 'बाळाला पेटीत ठेवलंय.' तिथे तळहातावर मावतील एवढाली बाळं येतात. त्यांची शीर सापडता सापडत नाही, आणि नळी घालायची तर जीव बोटांत आणून घालावी लागते. डॉक्टर घाम पुसत बाजूला झाले की कोणीतरी म्हणायचं, सिस्टरला बोलवा. ही यायची, बाळाशी काहीबाही पुटपुटायची आणि काम होऊन जायचं. नवराही तिला घरात सिस्टरच म्हणायचा. आधी चेष्टेनं म्हणायचा, मग तेच तोंडात बसलं.

पण परक्या देशात तुमचे हात कोण ओळखतो? तिथल्या नर्सिंग परिषदेचा नियम असा, की साध्या नर्सची नोंदणी वेगळी आणि नवजात बाळांच्या स्पेशलिस्ट नर्सची वेगळी. साधी नोंदणी तिची झाली होती. स्पेशलिस्ट व्हायचं तर प्रॅक्टिकल द्यायचं, तेही दोनदाच. दुसऱ्यांदा हुकलं की मोठ्या माणसांच्या वॉर्डात जायचं आणि बाळांचं नाव काढायचं नाही. आणि खरी मेख पुढेच होती. नवऱ्याला आणि मुलीला बोलावून घ्यायची परवानगी फक्त स्पेशलिस्टला मिळायची. बाकीच्यांनी एकट्यानं राहायचं आणि फोनमध्ये एकमेकांची तोंडं बघायची.

मुलीला घरात सगळे ठकी म्हणायचे. नुकती पहिलीत गेलेली, पुढचे दात पडलेले, आणि बॅग भरून केव्हाची तयार. बॅगेत सगळ्यात खाली बाहुली होती. ती रोज खेळायला लागायची, म्हणून रोज सगळी बॅग उपसली जायची आणि रोज पुन्हा भरली जायची. नवरा म्हणायचा, आमच्याकडून तयारी पूर्ण आहे, आता बाकीचं तेवढं तू बघ.

निकाल लागेपर्यंत सिस्टर तिथल्या हॉस्पिटलात बाळांच्याच विभागात काम करत होती, पण स्पेशलिस्टची नोंदणी नव्हती, म्हणून मदतनीस. मदतनीसांचा अंगरखा राखाडी, नर्सचा निळा. राखाडी अंगरख्यानं चादरींच्या घड्या घालायच्या, दुधाच्या बाटल्या धुवायच्या, रिकाम्या पेट्या पुसायच्या. बाळाला हात लावायचा नाही. शेजारच्या पेटीत एखादं बाळ किरकिरायचं, ते कशासाठी किरकिरतंय हे हिला लांबूनच कळायचं, आणि हिच्या हातात फडकं. हात नुसते शिवशिवायचे. पण ती दात दाबून घड्या घालायची आणि मनाशी म्हणायची, थोडे दिवस.

निकाल चहाच्या सुट्टीत फोनवर आला. नापास.

खाली कारण दिलं होतं. हात स्वच्छ केल्यानंतर आणि बाळाला स्पर्श करण्यापूर्वी उमेदवाराने हात स्वतःच्या कपड्यांना लावले. बाकी सगळ्या कामांसमोर उत्तम, उत्तम, उत्तम. पण संसर्गाचा नियम मोडला की त्या उत्तमांना कोणी विचारत नाही.

सिस्टरला आधी हसू आलं आणि मग नाकाला मिरच्या झोंबल्या. हात न धुता वॉर्डात शिरलेल्या भल्या मोठ्या डॉक्टरला जिने सगळ्यांदेखत दारातून मागे पाठवलं होतं, तिने धुतलेले हात कपड्यांना लावले? शक्यच नाही. त्या दिवसाची सगळी परीक्षा तिनं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहिली. दार, निर्जंतुक करायचा द्राव, हात चोळले, बाहुली, श्वास मोजले, नळी, टेप. मध्ये कपडे कुठेही नव्हते. म्हणजे उघडच होतं. यांनी दुसऱ्या कोणाचं तरी पाप माझ्या गळ्यात बांधलं.

खोलीत तिच्याबरोबर आणखी एक नर्स राहायची, ऑपरेशन थिएटरमधली. हिच्याच भाषेतली, वयानं थोडी लहान, तोंडानं भरपूर मोठी. सिस्टर तिला ओटीवाली म्हणायची आणि तिला ते आवडायचं. ओटीवालीला कोणाचंही भांडण परकं वाटत नसे. ती म्हणाली, सोडायचं नाही, दाद मागायची, चांगला दणका द्यायचा. रविवारी सकाळपासून दोघींनी मिळून परिषदेला कडक मजकूर लिहायला घेतला. सिस्टर सांगायची आणि ओटीवाली त्यात तिखटमीठ घालायची. 'अत्यंत बेजबाबदार' हे शब्द कुठे कुठे घालता येतील, यावर बराच वेळ गेला.

दुपारी घरचा व्हिडिओ कॉल आला. सिस्टर नवऱ्याला सगळी हकिगत पुन्हा मोठ्या आवाजात सांगत होती आणि तो बिचारा योग्य तिथे संतापत होता. त्याच्या मागे जमिनीवर ठकीचं हॉस्पिटल चालू होतं. बुटांच्या खोक्यात बाहुली झोपली होती. ठकीनं रिकाम्या पेल्यातून हातांवर पाणी ओतल्यासारखं केलं, हात खसाखसा चोळले, मग दोन्ही हातांची घडी घालून तळवे काखेत दाबले आणि तशीच गंभीर चेहऱ्यानं उभी राहिली. थोड्या वेळानं हात काढले आणि बाहुलीला खोक्यातून अलगद उचललं.

सिस्टरचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. तिनं नवऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं.

"ठके, हे काय करतेस गं?"

"बाळाला घेतेय."

"ते दिसलं. काखेत हात कशाला घातलेस?"

एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं ठकीनं आईकडे पाहिलं. "तूच तर करतेस. आधी हात धुवायचे, मग काखेत, मग बाळ. मला उठवतानापण करतेस."

सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "करतेस खरी. मला वाटायचं, तुला थंडी वाजते."

 ओटीवालीनं तो कडक मजकूर हळूच उलटा करून ठेवला आणि चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकली.

सिस्टरनं पुन्हा एकदा परीक्षा आठवून पाहिली. हात चोळले, बाहुली. मधलं काही आठवेना. अहो, श्वास घेतलेला कोणाला आठवतो का? पण आता तिला पक्कं कळलं होतं की मध्ये काख होती. बाहुलीसमोर ती राजासारखी उभी राहिली होती आणि स्वच्छ केलेले हात खुशाल कपड्यांत खुपसले होते. फोन ठेवल्यावर ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली. पहिली खेप वाया गेली याचं दुःख होतंच, पण त्याहून तिला भीती वाटली होती. या हातांच्या जिवावर ती इतक्या लांब आली होती, आणि हे हात तिला न विचारता भलतंच काही करत होते. दुसऱ्या खेपेलाही त्यांनी असंच केलं तर ठकी तिकडे, ही इकडे, आणि रोज भरलेली ती बॅग तशीच कोपऱ्यात.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन लावला तो इन्चार्जबाईंना.

इन्चार्जबाई म्हणजे जुन्या वॉर्डातल्या मुख्य सिस्टर. आता निवृत्त झाल्या होत्या, पण दरारा निवृत्त झाला नव्हता. सिस्टर कॉलेजातून नवी नवी वॉर्डात आली, तेव्हा हिवाळा होता. वॉर्डातल्या नळाचं पाणी बर्फासारखं यायचं आणि गिझर कायमचा दुरुस्तीला गेलेला. पहिल्याच दिवशी तिनं नियमानं हात धुतले आणि एका इवल्याशा बाळाच्या छातीवर ठेवले. बाळ दचकलं, आकसलं आणि श्वास घ्यायचंच विसरलं. इन्चार्जबाईंनी तिचा हात खस्सकन मागे ओढला, बाळाच्या तळपायाला टिचकी मारून त्याला श्वास आठवून दिला आणि मग हिचे दोन्ही हात हिच्याच काखेत कोंबले. म्हणाल्या, गार हात बाळाला लावायचा नाही, जन्मात विसरायचं नाही. सिस्टर विसरली नाही. नुसती ती नाही, सगळा वॉर्ड विसरला नाही. तिथून शिकून गेलेली प्रत्येक नर्स हात धुतल्यावर काखेत घालते आणि एकीलाही ते ठाऊक नाही.

सिस्टरनं सगळं सांगितलं. सांगता सांगता आवाजात थोडी तक्रारही आली. पलीकडे बाई नेहमीसारख्या मध्ये न बोलता ऐकत होत्या.

"बरोबर आहे त्यांचं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी असते तर मीही नापास केलं असतं."

"अहो बाई, पण तुम्हीच तर शिकवलंत."

"मी काय शिकवलं? बाळाला गार हात लावायचा नाही, हे शिकवलं. माझ्याकडे काख होती म्हणून काख सांगितली. गिझर असता तर गिझर सांगितला असता. तिकडे नळाला गरम पाणी येतं का?"

"येतं."

"मग रडतेस कशाला?"

आणि बाईंनी फोन ठेवला. कोणाचीही समजूत त्या एवढीच घालायच्या, आणि ती पुरायची.

त्या संध्याकाळी खोलीत तालीम सुरू झाली. एक किलो साखरेची पिशवी टॉवेलात गुंडाळली, तिला टेबलाच्या ओढलेल्या खणात झोपवलं आणि ते बाळ. नळाला कढत पाणी. ओटीवाली हातात लाकडी चमचा घेऊन पहाऱ्याला उभी. काखेकडे हात गेला की कोपरावर चमचा बसायचा आणि ती ओरडायची, "काख!" सिस्टर म्हणाली, आता मला कळलंय, आता काही मी करायची नाही. हात धुतले, खणाकडे वळली, बाळाशी पुटपुटायला लागली आणि फटकन चमचा बसला. हात काखेत होते. पुन्हा धुतले, पुन्हा चमचा. तिसऱ्यांदा तर तिनं ओटीवालीशीच भांडण काढलं की मी हात नेलेच नव्हते, आणि भांडताना पाहते तो हात काखेत.

ओटीवाली तोंडाळ होती, पण नजर पक्की होती. तिच्या लक्षात आलं की सिस्टर बाळाशी बोलायला लागली की हात आपोआप निघतात. बोलणं सुरू, की घडी सुरू. तिनं चमचा ठेवला आणि थिएटरमधली उभं राहायची रीत दाखवली. कोपरं वाकवलेली, तळवे छातीसमोर, उघडे, डोळ्यांना सतत दिसतील असे. म्हणाली, आमच्याकडे धुतलेले हात खाली जात नाहीत, मागे जात नाहीत, नाक खाजलं तरी नाकाला जात नाहीत. ते फक्त समोर असतात. तुला दिसत राहिले तर तुला फसवणार नाहीत.

मग रोज तेच. ड्यूटीवरून यायचं, खायचं आणि तालीम. हळूहळू चमच्याचे फटके कमी झाले. एकदा साखरेची पिशवी फुटून खणात साखर सांडली, तर ओटीवाली गंभीरपणे म्हणाली, बाळाचं वजन घटतंय, डॉक्टरांना कळवा. दोघी पोट धरून हसल्या. हसता हसता सिस्टरला जाणवलं की आपला जुना टेच परत यायला लागलाय. पण यावेळी तिनं कोणालाही फोन केला नाही. मामेबहिणीला तर दुसरी परीक्षा आहे हेच माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी दालन तेच होतं. लांबोडकी खोली, मध्ये उंच टेबलावर बाहुलीचा पाळणा, पाळण्याच्या डोक्यावर लोंबणारा वॉर्मर, म्हणजे बाळाला वरून शेक देणारा मोठा दिवा. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. परीक्षक बाईही त्याच होत्या, चष्म्याला साखळी लावलेल्या, चेहऱ्यावर कसलीही सुरकुती हलू न देणाऱ्या. त्यांनी सांगितलं, वेळेआधी जन्मलेलं बाळ आहे, वजन जेमतेम एक किलो, तपासून तोंडातून दुधाची नळी घाला, जे कराल ते बोलून दाखवा. सिस्टर मनात म्हणाली, एक किलो? अगदी ओळखीचं वजन आहे.

मागच्या खेपेला तिनं नुसता द्राव चोळला होता, यावेळी तालमीप्रमाणे बेसिनचा नळ सोडला. पाणी गार. गरम पाण्याची खूण असलेली बाजू पूर्ण फिरवली, तरी गार. वाहू दिलं, तरी गारच. ती परीक्षेची खोली होती, तिथे बाळं नव्हती, गरम पाण्याची तिथे कोणाला गरज? सगळी तालीम ज्या कढत पाण्याच्या भरवशावर केली, ते पाणीच नाही. तिनं हात नियमानं चोळून चोळून धुतले, कोरडे केले आणि बाहुलीकडे वळली. बोटांची अग्रं बर्फ झाली होती. आणि तिला दिसलं, आपली कोपरं उचलली जातायत, हात एकमेकांवरून पलीकडे निघालेत.

दिसलं, म्हणून थांबली. हात हवेत, छातीसमोर, तिथल्या तिथे गोठले.  परीक्षक बाई मान तिरकी करून हातांकडेच बघत होत्या.

आता पुढे काय, हा प्रश्न तसा सोपा होता. बाहुलीला कुठे थंडी वाजते? ठेवायचे हात आणि लागायचं कामाला. दुसरी कोणी असती तर हेच केलं असतं आणि पासही झाली असती. पण सिस्टरला ते जमेना. एक किलोचं बाळ म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर बाहुली राहायचीच नाही. समोर ते पहिल्या दिवशीचं आकसलेलं बाळ होतं, आणि गार हात त्याला लावायला तिचा जीव धजेना. तिनं वर पाहिलं. वॉर्मर बंद होता.

"वॉर्मर बंद आहे," ती त्या परक्या भाषेत मोठ्यानं म्हणाली. "तो चालू झाल्याशिवाय मी बाळाला उघडं करणार नाही आणि हातही लावणार नाही."

परीक्षक बाई म्हणाल्या, "चालू आहे असं समजा."

"समजून बाळाला ऊब मिळत नाही, मॅडम."

आपण परीक्षकाला असं बोललो, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. पण तोवर बोलून झालं होतं. धुतलेल्या हातानं बटण दाबायचं नव्हतं, म्हणून तिनं कोपरानं दाबलं. दिवा आधी लालसर झाला, मग नारिंगी. तिनं दोन्ही तळवे त्याच्या शेकाखाली उलटे सुलटे धरले आणि हात गरम होत असताना नुसत्या डोळ्यांनी बाळ तपासायला सुरुवात केली. बाहुलीची छाती पंपानं वरखाली होत होती, ती मोजली. फासळ्यांमध्ये खळगा पडतोय का पाहिलं. रंग पाहिला, हातपाय कसे टाकलेत ते पाहिलं. सगळं बोलून दाखवत होती. हात लावायच्या आधी बाळ डोळ्यांनी वाचायचं असतं, हेही बोलली. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

तळवे उबदार झाले तेव्हा तिनं तेही सांगितलं, "आता हात गरम आहेत," आणि मग बाहुलीच्या छातीवर हलकेच हात ठेवला. त्यानंतर हातांना काही सांगावं लागलं नाही. नळी मापली, घातली, जागेवर आहे ना ते तपासलं, टेप लावला. तोंडानं बाळाशी पुटपुटणं चालूच होतं, ते मात्र आपल्या भाषेत. शेवटचा टेप दाबला आणि घंटा झाली.

परीक्षक बाईंनी हातातल्या टॅबवर काहीतरी नोंदवलं. मग टॅब बाजूला ठेवला, पाळण्याजवळ आल्या आणि वॉर्मरच्या शेकाखाली आपला हात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. चेहरा तसाच दगडी. "जाऊ शकता," एवढंच म्हणाल्या.

सिस्टर खोलीवर आली. ओटीवालीनं भुवया उंचावल्या. सिस्टर म्हणाली, हात समोर होते, बाकी मला काही विचारू नकोस. पण झोप मात्र तिला छान लागली. पास झालो की नाही ते ठाऊक नव्हतं, आपण चुकलो नाही हे ठाऊक होतं.

यावेळी निकाल आला तेव्हा ती कपड्यांच्या कोठारात होती, छातीपर्यंत चादरींचा ढीग. फोन वाजला म्हणून एका हातानं काढला, वाचला, पुन्हा वाचला. मग चादरींचा सगळा ढीग खाली ठेवला आणि त्याच ढिगावर बसली. विभागाच्या मुख्य नर्सनं दारातून डोकावून पाहिलं, तर ही चादरीत तोंड खुपसून रडतेय आणि हसतेय. त्यांनी काही विचारलं नाही. कपाटातून निळा अंगरखा काढून आणला, हिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, त्या चादरी आता पुन्हा धुवायला टाका. संसर्गाचा नियम तो नियम.

त्या विभागातल्या नळाला भरपूर गरम पाणी होतं. निळ्या अंगरख्यातल्या पहिल्याच सकाळी सिस्टरनं हात धुतले, समोर धरले आणि एका पेटीच्या गोल खिडकीतून आत घातले. आतलं बाळ झोपलं होतं. तिच्या हाताखाली ते तसंच झोपून राहिलं, पापणीसुद्धा हलली नाही. सिस्टरनं त्याचं पोट ऐकलं, नळी पाहिली, दूध दिलं. संध्याकाळी इन्चार्जबाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, बाळ झोपलं होतं ना, मग फोन कशाला केलास. पण आवाज ओला होता, आणि तो लपवायला त्यांना खोकावं लागलं.

परवानगीची कामं व्हायला आणखी काही महिने गेले. ठकीला पुढचे दात आले. अखेर नवऱ्याचा फोन आला की विमानात बसलो, बॅग बंद आहे, बाहुली ठकीच्या हातात आहे, आता उपसाउपशी नाही.

विमानतळावर सिस्टर ओटीवालीला घेऊन कितीतरी आधी जाऊन उभी राहिली. बाहेर कडाक्याची थंडी. घाईघाईत हातमोजे खोलीवर राहिले होते. दार उघडलं की बोचरा वारा आत यायचा, आणि दार सारखं उघडत होतं, कारण जो तो आपल्या माणसांना घ्यायला आला होता. सिस्टर टाचा उंच करून बघत होती. मग तिला तो दिसला, मोठ्या बॅगा ढकलत येणारा नवरा. आणि त्याच्या पुढे, बाहुली पोटाशी धरून, माणसांच्या पायांमधून वाट काढत येणारी ठकी. किती उंच झाली होती.

सिस्टरनं आपले हात पाहिले. निळे पडले होते, बोटं वाकत नव्हती. आजूबाजूला नळ नव्हता, वॉर्मर नव्हता, आणि गुण देणारं कोणी नव्हतं. तिनं खुशाल दोन्ही हात काखेत घातले.

"काख!" ओटीवाली सवयीनं ओरडली.

"गप गं," सिस्टर म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते तसंच गालांवरून वाहू दिलं.

ठकी पळत आली आणि आईच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. आईला मिठी मारायला तिचा मोकळा हात पुढे आला होता, पण तिनं आईचे हात कुठे आहेत ते पाहिलं आणि मारली नाही. तिला क्रम पाठ होता. बाहुली मागून आलेल्या बापाकडे दिली, चेहरा वर केला आणि उभी राहिली.

"झाले का गरम?" तिनं विचारलं.

सिस्टरनं काखेतून हात काढले आणि लेकीचा चेहरा ओंजळीत घेतला.